मदत हवी आहे: दीर्घ श्वास घेतला की धडधड आणखी वाढते

तिठा: धाकट्या भावासाठी विचारतोय. घाबरायला झालं की सगळे सांगतात तसे दीर्घ श्वास घेतो, पण त्रास उलट वाढतो. परवा मुलाखत आहे. लवकर सांगा. 'ध्यान करा' नको.

खडूफळा: त्रास म्हणजे नेमकं काय? बोटांना मुंग्या, गरगरणं, की छातीत दुखणं? वय? तपासण्या? श्वास कसा घेतो?

निळाई: मनातलं लिहून काढायला सांगा. रोज १५-२० मिनिटं, सलग ३-४ दिवस. शुद्धलेखन बघायचं नाही. लिहिल्यावर लगेच थोडं जड वाटतं, तिथेच लोक सोडून देतात.

रानवारा: निळाई, ऐन धडधडीत वही कुठून काढणार? लॅझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडलेला फरक इथे कामाचा आहे: हातातलं असेल तर प्रश्नाला भिडा, नसेल तर भावना सांभाळा. मुलाखतीची तयारी हातातली आहे. उत्तरं मोठ्याने म्हणून घ्या.

निळाई: भावनाच सांभाळली नाही तर तयारी डोक्यात शिरेल कशी?

तिठा: मुंग्या येतात, गरगरतं. वय २४. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन ठीक. श्वास छाती भरून, भराभर.

खडूफळा: हे आधी सांगायला हवं होतं. भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. मुंग्याही त्यामुळेच. मग हवा पुरत नाही असं वाटून माणूस आणखी ओढतो. श्वास खोल नको, संथ हवा. नाकाने ४ आकडे आत, तोही नेहमीइतकाच. ६ आकडे बाहेर. हात पोटावर, खांदे उचलले जाता कामा नयेत. दिवसातून दोनदा ५ मिनिटं, शांत असताना. सराव नसेल तर ऐन वेळी जमत नाही. आणि कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावू नका. दमा किंवा हृदयविकार असेल तर जिवावर बेततं.

सांजवेळ: के-१० ही मानसिक ताण मोजणारी प्रश्नावली भरून घ्या. मागच्या ४ आठवड्यांबद्दल १० प्रश्न, गुण १० ते ५०.

रानवारा: सांजवेळ, तो मोजमापाचा भाग झाला, इथे उपाय विचारलाय. खडूफळा, श्वासाचीच कुबडी झाली तर? भीतीची लाट बहुधा १० मिनिटांच्या आत टोकाला जाते आणि आपोआप ओसरते. दर वेळी ती थोपवली किंवा तिथून उठून गेलं, की 'म्हणून वाचलो' हेच मनात पक्कं होतं. लाट येऊ द्यावी, बसून राहावं.

खडूफळा: मान्य, पण ते समुपदेशकाबरोबर, पायरीपायरीने. झटके वारंवार येत असतील तर सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी उपचारपद्धती, करावीच. परवापुरती कुबडी असू दे.

तिठा: आत्ता करून घेतलं. मोजताना आकडा चुकला की तो आणखी घाबरतो.

खडूफळा: मग आकडे सोडा. आत घेतलेल्यापेक्षा सोडलेला श्वास लांब, एवढंच. ओठांचा चंबू करून हळू फुंकायला सांगा. वेग आपोआप उतरतो.