सामान्य माणसाला विमानात बसवलं इंडिगोनं? काय राव!

खडकीचा बाळू
कालपासून एक मजकूर ग्रुपाग्रुपांत फिरतोय, "भारतातल्या सामान्य माणसाला विमानात बसवलं ते इंडिगोनं, बाकीचे आले नि गेले" असा, खाली हात जोडलेले इमोजी. दोनदा सोडून दिला, मग आमच्या साडूनं टाकला तेव्हा डोकं फिरलं. त्याला उत्तर दिलं तर घरात भांडण, म्हणून इथे लिहितो.

इंडिगोचं पहिलं विमान उडालं ४ ऑगस्ट २००६ ला, दिल्ली-गुवाहाटी-इंफाळ. त्याच्या तीन वर्षं आधी, ऑगस्ट २००३ मध्ये, कॅप्टन गोपीनाथांचं एअर डेक्कन बंगळूरहून हुबळीला गेलं होतं. हुबळीला! ४८ सिटांचं एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान, घेऊन. माणूस फौजेतला, ७१ च्या लढाईत होता, फौज सोडून हासन जिल्ह्यात रेशमाची शेती केली, मग हेलिकॉप्टरची कंपनी काढली आणि मग हे. तिकिटं पेट्रोल पंपावर नि पोस्टात विकली. सीट नंबर नाही, दार उघडलं की पळा आणि खिडकी धरा, पाणीसुद्धा विकत. जाहिरातीला लक्ष्मणांचा कॉमन मॅन. एक रुपयाचं तिकीट (कर वेगळा, आणि सगळ्यांना मिळायचं नाही, माहितीये, कोणी शहाणपणा शिकवू नका) निघालं तेव्हा लोकांना वाटलं चेष्टा आहे. आमच्या तीर्थरूपांनी आयुष्यातला पहिला विमानप्रवास डेक्कननंच केला, बंगळूरला भावाकडे, मांडीवर भडंगाची पिशवी घेऊन.

परिणाम बघा ना. फेब्रुवारी २००६ च्या रेल्वे बजेटमध्ये लालूंनी एसी फर्स्टचं भाडं १८ टक्के आणि टू टियरचं १० टक्के कमी केलं. इंडिगोचं एकही विमान तेव्हा उडालेलं नव्हतं. रेल्वे कोणाला घाबरली मग?

हिशेबी माणूस
बाळूशेठ, पहिला कोण यालाच श्रेय द्यायचं असेल तर राइट बंधूंना द्या आणि धागा बंद करा.

डेक्कनच्या हैदराबाद-विजयवाडा उद्घाटनाच्या फेरीला इंजिन पेटलं होतं, आत वेंकय्या नायडू बसलेले, ते सोयीस्करपणे विसरलात. एक रुपयात तिकीट विकायला अक्कल लागत नाही हो, पैसा लागतो, आणि तो दुसऱ्याचा होता. २००६ मध्ये शेअर बाजारात आले तेव्हा इश्यू जेमतेम भरला. २००७ मध्ये २६ टक्के हिस्सा किंगफिशरच्या मल्ल्यांना विकून मोकळे. मल्ल्यांना तरी डेक्कन कशाला हवी होती? तेव्हाच्या नियमाप्रमाणे पाच वर्षं देशात उडाल्याशिवाय आणि ताफ्यात २० विमानं असल्याशिवाय परदेशी जाता यायचं नाही. किंगफिशर २००५ ची, डेक्कन २००३ ची. विलीन करा, ऑगस्ट २००८ मध्ये पाच वर्षं पूर्ण, सप्टेंबरात लंडन. तुमच्या कॉमन मॅनचा उपयोग एवढाच झाला. मग त्याच डेक्कनला "किंगफिशर रेड" नाव लावलं, २०११ मध्ये ते बंद आणि २०१२ मध्ये अख्खी किंगफिशर जमिनीवर.

आता इंडिगो बघा. एकही विमान उडवलेलं नसताना जून २००५ मध्ये पॅरिसच्या एअर शोमध्ये एअरबसच्या १०० ए३२० विमानांची ऑर्डर. एवढी घाऊक खरेदी म्हटल्यावर एअरबस भाव पाडणारच. मग विमान हातात आलं की भाड्याने देणाऱ्या कंपनीला जरा चढ्या भावाने विकायचं आणि तेच सहाएक वर्षांसाठी भाड्याने घ्यायचं. रोख आधीच हातात, ताफा कायम नवा, मोठ्या देखभालीची वेळ यायच्या आत विमान परत. एकच प्रकारचं विमान, म्हणजे पायलट, इंजिनिअर, सुटे भाग सगळं एकच. तुमच्या गोपीनाथांनी छोटे एटीआर नि मोठे एअरबस दोन्ही एकदम आणले आणि दोन्हीकडून मार खाल्ला. २००८ च्या जुलैत तेल १४७ डॉलरला गेलं होतं, आपल्याकडे विमान कंपनीच्या खर्चात साधारण चाळीस टक्के नुसतं इंधन असतं. त्या वर्षी भल्याभल्यांचं कंबरडं मोडलं आणि इंडिगोनं २००८-०९ मध्ये पहिला नफा दाखवला.

रॅम्पवाला
मी ग्राउंड हॅंडलिंगमध्ये नोकरी केलीये त्यामुळे कोणाची बाजू घेत नाही, बघितलं ते सांगतो. स्वस्त विमानाचा सगळा खेळ त्या २५-३० मिनिटांत असतो. विमान लागलं की पुढचं-मागचं दोन्ही दारं उघडतात, मागे पायऱ्यांऐवजी तो नागमोडी उताराचा रॅम्प, व्हीलचेअर पण जाते नि आजी पण चालत उतरतात. शेवटचा पॅसेंजर उतरेपर्यंत क्रूच्या मुली हातमोजे घालून सीटच्या खिशातले कागद काढायला लागलेल्या असतात, वेगळे सफाईवाले नाहीत. ओव्हन नाही म्हणून जेवणाच्या ट्रॉल्या चढवायची भानगड नाही, उपम्याच्या कपात गरम पाणी ओतलं की झालं. खाली बेल्ट लोडरवर आमची पोरं. पाच मिनिटं उशीर झाला तरी कोणाच्या खात्यात टाकायचा यावर वॉकीवर भांडण. दिवसाला एक फेरी जास्त निघते ती अशी निघते. विमान जमिनीवर उभं असलं तरी भाडं चालूच असतं.

शरयू_नागपूर
श्रेय कोणालाही द्या पण विमानप्रवासाची मजा गेली ती या स्वस्ताईमुळेच. चाकं टेकली नाहीत तोवर अर्धं विमान उभं, वरचे कप्पे उघडून बॅगा दुसऱ्याच्या डोक्यावर. परवा शेजारच्या काकांनी ठेचा-भाकरी सोडली. एसटी परवडली.

खडकीचा बाळू
@शरयू ताई, ठेचा-भाकरीचा वास आला म्हणजे विमानाचं अवमूल्यन झालं का? आणि त्यांच्या सँडविचला जो वास येतो त्याला काय म्हणायचं? लोक विमानात आले म्हणून तिकीट तुम्हाला परवडतंय, नाहीतर पूर्वी जेट एअरवेजचा भाव ऐकून आपण सगळे रेल्वेच्या खिडकीत होतो.

शरयू_नागपूर
परवडतंय कुठे? दिवाळीत नागपूर-पुण्याचा भाव बघितलाय का कधी? खासगी बसवाले पण लाजतील. आणि वास हा मुद्दाच नव्हता, रांग मोडणं हा मुद्दा होता, नीट वाचत जा.

वेंगुर्लेकर
तुम्ही इंडिगो-डेक्कन करत बसा. आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचा काय झाला ता पण कोणीतरी सांगा!

९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं, एका मंचावर उद्धव ठाकरे आणि राणे, त्या दिवशी विमानापेक्षा भाषणंच जास्त उडाली. अडीच किलोमीटरची धावपट्टी, मोठं विमान उतरेल अशी. मुंबईहून एक एटीआर यायचं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद पडलं. मुंबईत लाखोंनी कोकणी माणूस आहे, गणपतीला रेल्वेचं वेटिंग दोन मिनिटांत संपतं, आणि तुम्ही म्हणता मागणी नाही? आम्ही गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरतो आणि तिथून घरी यायला टॅक्सीवाला जे मागतो त्यात अजून एक मुंबईचं तिकीट आलं असतं.

हिशेबी माणूस
वेंगुर्लेकर, मागणी नाही असं इथे कोणीच म्हणालेलं नाही. पण उत्तर तुमच्याच तारखांत आहे. ऑक्टोबर २०२१ ते ऑक्टोबर २०२४ म्हणजे बरोबर तीन वर्षं. छोटी शहरं विमानानं जोडायच्या उडान योजनेत सरकार अर्ध्यापर्यंत सिटांवर तोटा भरून देतं, तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला अडीच हजारांची मर्यादा होती, आणि ही मदत तीन वर्षंच. ती संपली की कंपनी वही उघडून बघते. त्यात जानेवारी २०२३ पासून मोपा. तिथे दिवसभर विमानं, तिकीट स्वस्त. कंपनी चिपीला कशाला येईल?

ओझरकर
चिपीचं रडगाणं नवीन आहे हो, आमचं जुनं. नाशिकच्या ओझर विमानतळावर २०१४ पासून टर्मिनल तयार. गोपीनाथांनी डेक्कनचं नाव पुन्हा काढलं, १९ सिटांची विमानं आणली, डिसेंबर २०१७ मध्ये नाशिक आणि जळगावला सुरू केली. त्यांना मुंबईत स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची ठरलेली वेळ, मिळता मिळेना. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणजे एका वेळी एकच चालते, तिथे १९ सिटांच्या विमानाला जागा दिली की १८० सिटांच्या विमानाची जागा जाते. कोण देणार? शेवटी २०२० मध्ये कुलूप. जळगावकरांना विचारा विमान कसं दिसायचं ते.

वेंगुर्लेकर
म्हणजे मुंबईवाल्यांनी जागा द्यायची नाही आणि वर म्हणायचं छोट्या गावांचं गणित बसत नाही. हेच. कायम हेच. पुण्याहून फ्लाय९१ चं एटीआर आलं म्हणून निदान धावपट्टीवर गवत वाढलं नाही. आमचा माणूस पुण्यात नाय, लालबागात आहे!

हिशेबी माणूस
लालबागातला माणूस वर्षातून दोनदा जातो, गणपती आणि मे महिना. उरलेले दहा महिने विमानात कोण बसणार, नारळ?

वेंगुर्लेकर
तोंड सांभाळून. दहा महिने आम्ही काय झोपा काढतो? हॉस्पिटलला मुंबईला जावं लागतं, कोर्टाला जावं लागतं, आंब्याची पेटी जाते. माझ्या काकांना हार्टचा त्रास झाला तेव्हा रात्री अॅम्ब्युलन्सनं गोव्याला नेलं, गाडीत मी होतो. तुमच्या एक्सेलमध्ये हा कॉलम आहे का?

रॅम्पवाला
शांत व्हा दोघे. वेंगुर्लेकर, तुमचा राग समजतो पण अॅम्ब्युलन्स आणि दुपारची फेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेबी, तुम्ही पण नारळ काढायला नको होता. एक सांगतो, छोट्या विमानतळावर एक फेरी असो की दहा, अग्निशमन गाडी, सुरक्षेची माणसं, एटीसी, सगळं ठेवावंच लागतं. रोज एकच विमान येणार म्हणून अर्धा फायरमन ठेवता येत नाही. नांदेडला एप्रिल २०१७ मध्ये उडानच्या पहिल्याच दिवशी हैदराबादचं विमान सुरू झालं, ते चालवणारी ट्रूजेटच पुढे बंद पडली. अमरावती, सोलापूर आत्ता २०२५ मध्ये सुरू झालंय, तीन वर्षांनी बोलू.

खडकीचा बाळू
माझा धागा चिपीला नेऊन उतरवलात, बरं झालं, कारण मुद्दा माझाच सिद्ध होतोय. हुबळी, जळगाव, नाशिक, हे सुचलं कोणाला? त्याच माणसाला, दोनदा. आणि हिशेबी, एकच प्रकारचं विमान म्हणून जी आरती ओवाळलीत, त्या इंडिगोनं २०१७ मध्ये एटीआर घेतलेच ना? आज ओझरहून उडतंय ते काय आहे मग?

आणि शिस्तीचं कौतुक डिसेंबर २०२५ नंतर तरी आवरा. पायलटच्या आठवड्याच्या विश्रांतीचे तास ३६ चे ४८ झाले, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. नियम एका रात्रीत आला नव्हता, दुसरा टप्पा १ नोव्हेंबरपासून लागणार हे आधीच ठरलेलं. तरी माणसं पुरेशी ठेवली नाहीत, ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त फेऱ्या रद्द. शेवटी सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली, ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार वगैरे. जी काटकसर रॅम्पवाल्यांनी सांगितली तीच पायलटांच्या बाबतीत केली की असं होतं.

हिशेबी माणूस
डिसेंबरचं समर्थन करत नाही. नियोजन फसलं, शंभर टक्के फसलं. पण एक कंपनी अडखळली आणि देश थांबला, याचा अर्थ काय? शंभरातले साठाहून जास्त प्रवासी तिच्याकडे आहेत कारण बाकीचे मेले. किंगफिशर २०१२, जेट एप्रिल २०१९, गो फर्स्ट मे २०२३ (त्यांची अर्धी विमानं इंजिनांवाचून उभी होती, तो प्रॅट अँड व्हिटनीचा घोळ इंडिगोलाही होताच, ते तरले). यांना इंडिगोनं ढकललं नाही, स्वतःच्या वजनानं बुडाले.

शरयू_नागपूर
हिशेबी तुम्ही इंडिगोचे शेअर घेऊन बसलात का हो?

हिशेबी माणूस
हो, घेतलेत. २०१५ च्या आयपीओत, ७६५ रुपयांनी. अजून विकलेले नाहीत. पुढचा प्रश्न?

खडकीचा बाळू
आत्ता कळलं! अहो मग आधी सांगायचं ना, एवढी टायपिंगची मेहनत वाचली असती.

हिशेबी माणूस
शेअर असला म्हणजे तारखा बदलत नाहीत बाळूशेठ. ठीक आहे, लिहून घ्या: पेट्रोल पंपावर तिकीट विकायची कल्पना गोपीनाथांची, हुबळी गोपीनाथांची, लालूंना घाम फोडला तोही त्यांनीच. मान्य. पण तुमच्या वडिलांना दुसऱ्यांदा बंगळूरला जायचं झालं तेव्हा डेक्कन होती का? ते कशानं गेले?

खडकीचा बाळू
इंडिगोनं. पण भडंग नेऊ दिलं म्हणून.

ओझरकर
महाराष्ट्रात विमानाच्या इंधनावर मुंबई-पुण्यात २५ टक्के व्हॅट होता, २०२३ मध्ये १८ केला, जीएसटीत अजून नाही, यावर कोणी का बोलत नाहीये? कंपन्यांच्या नावानं भांडताय, तिकिटातला एक मोठा वाटा सरकार नेतंय.

वेंगुर्लेकर
व्हॅट-बिट राहू दे. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून चालू झालाय. आता स्लॉट नाहीत हे कारण संपलं. नवी मुंबई-चिपी एक सकाळची आणि एक संध्याकाळची फेरी द्या, गणपतीच्या आधी. कोणत्या कंपनीची का असेना. हिशेबी, तुम्ही शेअरहोल्डर आहात, सभेत विचारा की.

हिशेबी माणूस
माझे शेअर मोजून हसतील ते. पण विचारतो. उत्तर काय येईल तेही आत्ताच सांगतो, "प्रवासीसंख्या पाहून विचार करू".

वेंगुर्लेकर
मगे नारळ मोजून घेऊक सांगा त्यांका.