‘दुधाचेच तर आहेत, पडणारच!’ : मुलांच्या दातांचे तुमचे अनुभव

काल नातीचा पहिला दात पडला आणि ‘आता हा कौलावर टाकायचा ना?’ असे विचारत ती तो मुठीत घेऊन घरभर फिरली. आमच्या इमारतीला कौले नाहीत, त्यामुळे दात सध्या कुंकवाच्या करंड्यात आहे. त्यावरून तिच्या वडिलांचे बाळपण आठवले. दीड वर्षाचा असताना तो रात्री बाटली तोंडात घेतल्याशिवाय झोपत नसे, आणि दूध अगोड लागले तर ती भिरकावून देई, म्हणून मी त्यात चमचाभर साखर घालत असे. वरच्या चार दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ उमटली, ती मी साय समजून ओल्या फडक्याने पुसत राहिले. अडीच वर्षांचा होईपर्यंत तिथे तपकिरी खुंट उरले; खालचे दात मात्र शाबूत. डॉक्टरांनी सांगितले की चोखताना जीभ खालच्या दातांवर येते म्हणून ते वाचतात, आणि झोपेत लाळ कमी सुटत असल्याने वरच्या दातांवरचे दूध धुतले जात नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘दुधाचेच तर आहेत, पडणारच.’ खरे सांगायचे तर मीही तेच म्हणत होते. तुमच्या घरी काय घडले, ते जरूर लिहा.

दोन मुलांची आई
आमच्याकडे बाटली नव्हती, पण चोखणीला मध लावण्याची पद्धत होती. परिणाम तोच झाला.

भाच्याचा मामा
वरचा दात आधी आला की मामाला जड जाते म्हणतात. माझ्या भाच्याचा वरचाच आधी आला. मी ठणठणीत आहे, फक्त त्याच्या ब्रेसेसचे हप्ते सध्या मी भरतो आहे.

पोळ्या लाटता लाटता
‘पडणारच’ हे खरे, पण कधी, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडत असले तरी दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. मुलीची किडलेली दाढ आम्ही सहाव्या वर्षी काढून टाकली आणि विसरून गेलो. मागची दाढ पुढे सरकली, जागा बुजली आणि खालून येणारा दात गालाच्या बाजूला बाहेर पडला. जागा राखणारी छोटी तार तेव्हाच बसवली असती, तर तेराव्या वर्षी ब्रेसेस लावताना दोन चांगले दात काढावे लागले नसते, असे नंतरच्या डॉक्टरांनी सांगितले.

दोन मुलांची आई
यात भर घालते. सहाव्या वर्षी सर्वांत मागे जी दाढ येते, ती एकही दात न पडता येते, त्यामुळे मी ती दुधाचीच समजले होते. नवव्या वर्षी तिचे रूट कॅनॉल करताना कळले की ती कायमची होती. धाकटीच्या वेळी मात्र दाढ पूर्ण वर येताच तिच्या खाचा सीलंटने, म्हणजे कीड आत जाऊ न देणाऱ्या पातळ लेपाने, भरून घेतल्या. सुई नाही, ड्रिल नाही, लेप घट्ट करायला नुसता निळा दिवा. ती खुर्चीत गाणे म्हणत बसली होती.

विदर्भातली लेक
माझा अनुभव उलटा आहे. यवतमाळ जिल्ह्यात आमच्या गावी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड (दात किडू नयेत म्हणून पेस्टमध्ये घालतात तेच) फार जास्त होते आणि आम्हा भावंडांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे होते. शाळेत बाई म्हणत, ‘घासत नाहीस का?’ मी राखुंडीने हिरड्या सोलवटून घेतल्या, पण दात हिरडीत घडत असतानाच पडलेले ते डाग घासून कसे जाणार? दहावीच्या फोटोत मी तोंड मिटूनच आहे. आता मुलासाठी फ्लोराइडची पेस्ट घ्यायला हात धजत नाही.

दोन मुलांची आई
आम्हाला डॉक्टरांनी प्रमाण सांगितले होते: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी पेस्ट, आणि ब्रश सात-आठ वर्षांपर्यंत आपल्याच हाती. तुमच्याकडे अजून तेच पाणी असेल, तर आधी ते तपासून घ्या आणि मग डॉक्टरांना विचारा.

संध्याकाळचा अंपायर
क्रिकेट खेळताना अकरा वर्षांच्या मुलाचा वरचा पुढचा दात मुळासकट निखळला. शेजाऱ्यांनी तो मुळाला हात न लावता, चावायच्या टोकाला धरून उचलला आणि कोपऱ्यावरच्या टपरीतून आणलेल्या पेलाभर दुधात टाकला. अर्ध्या तासात आम्ही दवाखान्यात होतो. दात पुन्हा बसवून दोन आठवडे तारेने बांधून ठेवला. पुढे त्याचे रूट कॅनॉल झाले आणि रंग किंचित राखाडी झाला, पण मुलगा आता कॉलेजात आहे आणि दात जागेवर आहे. दुधाचा दात असता, तर तो परत बसवत नाहीत, असेही तेव्हाच समजले.

भाच्याचा मामा
टपरीवरचे दूध म्हणजे चहाचे, साखर घातलेले?

संध्याकाळचा अंपायर
नाही, पिशवीतले, थंड. टपरीवाल्याने पैसेही घेतले नाहीत.