मदत हवी आहे: एका रविवारात किती मैदानं होतील?

जानेवारीतल्या एखाद्या रविवारी बाबांना (वय ७४) टेनिस बॉल क्रिकेटच्या मॅचेस दाखवायला न्यायचंय. चिपळूणचं पवन तलाव मैदान, रत्नागिरीचं शिवाजी स्टेडियम, मालवणचं बोर्डिंग ग्राउंड, शेवटी सावंतवाडीचा जिमखाना. कागदावर सोपं वाटतं, पण ६६ नंबरचा हायवे सोडून मालवणात शिरलं की माशाच्या ताटावरून बाबा काही लवकर उठायचे नाहीत! चिपळूण वगळू का?

खरं तर त्यांना भातकापणीनंतर मळ्यात केलेलं पिच बघायचंय. बांधापलीकडे बॉल गेला की चौकार, ते तसंच खेळायचे. कुडाळ-कणकवलीकडे अशा वाडीतल्या मॅचेस कुठे असतात? सकाळी किती वाजता सुरू होतात? बसायला सावली आहे का तेही सांगा, गुडघे दुखतात त्यांचे.