रेडिओवरची रात्र : गाणं, नभोनाट्य, भाषणं. तुमच्याही आठवणी लिहा

आकाशवाणीने २० जुलै १९५२ रोजी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. शनिवारी रात्री साडेनऊ ते अकरा, एकच कलाकार. आमच्याकडे आजोबा सव्वानऊलाच रेडिओ लावायचे, कारण व्हॉल्व्हचा सेट तापायला वेळ घ्यायचा. राग, ताल, साथीदार हे सगळं निवेदक सांगायचे. बागेश्री आणि मालकंस मी त्या निवेदनांतूनच ओळखायला शिकले. गाण्याचा क्लास गावात नव्हता. माझ्या मते त्या दीड तासाने महाराष्ट्रातल्या लहान गावांत जेवढे श्रोते घडवले, तेवढे कुठल्याच मैफलीने घडवले नसतील. तुम्ही काय ऐकायचात? सविस्तर लिहा.

बेळगावहून :
आम्हाला पुण्यापेक्षा धारवाड स्पष्ट लागायचं. १९५० साली सुरू झालेलं केंद्र, मल्लिकार्जुन मन्सूर तिथे संगीत सल्लागार होते. कानडी निवेदन आईला कळायचं नाही, पण अण्णांचं, म्हणजे मन्सूरांचं, गाणं लागलं की भाकऱ्या थांबायच्या. रात्री मिडियम वेव्ह लांबवर पोहोचते, त्यामुळे मधूनच दुसरं एखादं स्टेशन घुसायचं. वडील मग रेडिओच जरासा फिरवून ठेवायचे.

एका पेटीवाल्याचा मुलगा :
आकाशवाणीवर १९४० पासून पेटीला बंदी होती, जवळजवळ तीन दशकं. बाबा गावातल्या भजनाला, नाटकाला पेटीची साथ करायचे. रेडिओवर मात्र सारंगी. तरी शनिवार त्यांनी चुकवला नाही. मांडीवर पेटी घ्यायचे, भाता न हलवता गायकाबरोबर नुसती बोटं फिरवायचे. सारंगीवाला मींड घ्यायचा, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जायचा, तिथे त्यांची बोटं थबकायची, कारण पेटीत ती जागाच नाही. पुढे बंदी उठली, पण बाबा तोवर गेले होते. ही गोष्ट मला आजही लागते.

गिरगाव :
आमच्या चाळीत 'पुन्हा प्रपंच', रेडिओवरची कौटुंबिक श्रुतिका. प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी. ही माणसं आम्हाला शेजारचीच वाटायची. आजीला मोतीबिंदू होता, नाटकाला नेलं तरी कंटाळायची. नभोनाट्याला मात्र तीच आम्हाला सांगायची, "अरे, ही मघाची नव्हे, हिची सासू बोलतेय."

निवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा :
मी ऐकणारा आणि थोडा बोलणाराही. सांगली केंद्रावर दहा मिनिटांचं भाषण द्यायला गेलो होतो. संहिता आधीच पाठवलेली. स्टुडिओत गेल्यावर पहिल्यांदा कागदांची टाचणी काढायला लावली. पान उलटायचं नाही, हलकेच बाजूला सरकवायचं, नाहीतर माईकवर कागद वाजतो. घरी आल्यावर सौ. म्हणाली, "वर्गात बोलता तसं वाटलं नाही, आमच्याशी बोलल्यासारखं वाटलं." त्यानंतर वर्गातही तसंच बोलायला लागलो.

न्यू जर्सी :
हल्ली मोबाइलवर आकाशवाणीची 'रागम्' वाहिनी लावते. २०१६ पासून आहे, चोवीस तास शास्त्रीय संगीत. तिकडची रात्र म्हणजे इकडची दुपार, त्यामुळे भर उन्हात दरबारीसारखा रात्रीचा राग ऐकत कुकर लावते. गाण्याची सोय झाली. जुनी मराठी नभोनाट्यं मात्र मला हवी तशी सापडत नाहीत. कुणी त्या काळी घरी टेप केली असतील तर कॅसेट फेकून देऊ नका. बुरशी लागण्याआधी डिजिटल करून घ्या, त्यासाठी लागेल ती मदत मी करते.