थारचे १६ इंची रिम बदलू नका

महिंद्रा थार गाडीचे १६ इंची लोखंडी रिम काढून १८ इंची अलॉय (हलक्या मिश्रधातूचे रिम) घ्यावेत का, असं विचारलंत. वरच्या उत्तरांत बहुतेकांनी 'घ्या' म्हटलंय, माझं मत उलट आहे.

२४५/७५ आर १६ या मापात (रुंदी २४५ मिमी, भिंत म्हणजे टायरची बाजू तिच्या ७५ टक्के उंच, रिम १६ इंची) टायरची भिंत साधारण १८४ मिमी भरते, २५५/६५ आर १८ मध्ये १६६. दगडधोंड्यात रिम वाचवते ती ही भिंतच. मऊ माती किंवा वाळूत हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि पकड मिळते; उंच भिंतीला हे जास्त मानवतं. डांबरीवर येताच हवा परत भरा, छोटा पंप गाडीतच ठेवा. शिवाय लोखंडी रिम वाकला तर गावातला पंक्चरवालाही ठोकून कामापुरता सरळ करून देतो. अलॉय तडकला की संपलं.

मड टेरेन (चिखलासाठीचे खोल खाचांचे टायर) दिसतात झकास, मान्य! पण तुमचं नव्वद टक्के चालवणं डांबरीवर. तिथे ते घूं घूं करत डोकं उठवतात, ओल्या रस्त्यावर ब्रेकही लांबतो. ऑल टेरेन (डांबरी आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) पुरेत. पावसाळाभर लाल चिखलातच असाल तर गोष्ट वेगळी.

मूळ १६ इंचीऐवजी याहून मोठे २६५/७० आर १७ टायर घातलेत तर वेगाचा काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ ला असेल. आणि हो, स्टेपनीही त्याच मापाची हवी. मी एकदा जुनीच ठेवली होती. पंक्चर झाल्यावर लहान चाक लावलं आणि घाटात फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) टाकायची हिंमत झाली नाही, कारण चाकं लहानमोठी असली की त्या यंत्रणेवर ताण येतो.