खानापूर ते बेंगळूर, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, विमान बरं की गाडी?

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे होती. आईच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलून दोन महिने झालेत आणि धाकट्या बहिणीचे दिवस भरत आलेत, ती बेंगळूरला जयनगरात असते, आईला बाळंतपणाला जायचंच आहे, डिंकाचे लाडू करून डबा भरून ठेवलाय. डॉक्टर जा म्हणालेत, फक्त तासाभरापेक्षा जास्त एका जागी बसवू नका म्हणून सांगितलंय.

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरनं, बेंगळूर सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आणि बेळगावहून रस्त्यानं साधारण ५००. विमान सव्वा तासाचं, गाडी नऊ-दहा तासांची, म्हणून घरात सगळे विमानच म्हणायलेत. पण आमच्या दारापासून बहिणीच्या दारापर्यंत धरलं तर खानापूरहून बेळगाव २६ किलोमीटर, मग तिसऱ्या रेल्वे गेटापासून अख्खं गाव ओलांडून पलीकडं सांबरा, तिथं दोन तास आधी पोचायचं, तिकडं उतरून सामान घ्यायचं, आणि विमानतळ देवनहळ्ळीला म्हणजे शहराच्या उत्तरेला, जयनगर दक्षिणेला, ४० किलोमीटरच्या वर ट्रॅफिकमधनं. साडेसहा-सात तास तरी होतातच की! म्हणजे वाचले दोन-तीन तास.

गाडीनं गेलो तर कित्तूर, हावेरी, दावणगेरे असं थांबत थांबत नेता येईल. पण आई अजून गाडीत बसताना दोन्ही हातांनी पाय उचलून आत घेते, दहा वेळा चढउतार जमेल का हीच काळजी आहे. कुणी असं नेलंय का?

---

दादा, माझ्या सासूबाईंना असंच नेलं होतं. विमानानंच न्या. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. विमान एटीआर (पंख्याचं छोटं विमान) असेल तर मागच्या दारानं चढतात, पायऱ्या मोजक्याच असतात, म्हणून मागची आणि कडेची सीट घ्या, उजवा पाय वाटेकडं येईल अशी. गुडघ्यात धातू आहे म्हणून सिक्युरिटीला मशीन वाजणारच, घाबरू नका, ऑपरेशनचा कागद वरच्या पिशवीत ठेवा. तुमचे सात तास गाडीतल्या सात तासांसारखे नाहीत, त्यातला निम्मा वेळ उठून चार पावलं चालता येतं.

---

वंदे भारतचा पण विचार करा, २०२५च्या ऑगस्टपासून बेळगाव-बेंगळूर सुरू आहे. पहाटे सुटते आणि साडेआठ तासांच्या आसपास लागतात. रेल्वे लोंड्यावरून वळसा घालते म्हणून अंतर ६००च्या वर जातं, पण डब्यात पाहिजे तेव्हा उठून फिरता येतं आणि संडासला गाडी थांबवावी लागत नाही. फक्त पहाटे खानापूरहून निघायचं म्हणजे आईंना तीनला उठवावं लागेल, त्यापेक्षा आदल्या रात्री बेळगावात कुणाकडं तरी मुक्काम करा.

---

दोघांचेही मनापासून आभार. सीटचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं, पहाटेचं उठणं नको म्हणाली, विमानानं जाऊया म्हणून सांगितलंय. आता एवढंच सांगा, रविवारी सकाळी उतरलो तर देवनहळ्ळी ते जयनगर किती वेळ धरू? आणि तिला टॅक्सीत पुढं बसवू की मागं पाय लांब करून?