अझाझेलला नेमकं काय हवं होतं?

रातकिडा

पाचव्या सीझनपर्यंतचे स्पॉयलर आहेत. ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी पुढे वाचू नका.

'सुपरनॅचरल', म्हणजे भुतं-डीमन मारत फिरणाऱ्या सॅम आणि डीन या दोन भावांची मालिका, पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतलीय. पहिल्या वेळी दोन सीझनच्या मध्ये इतके महिने गेले होते की मागचं बरंचसं विसरून पुढचं बघितलं. आता सलग बघताना काही गोष्टी फार टोचतायत. त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे पिवळ्या डोळ्यांचा डीमन, अझाझेल.

१९८३ च्या नोव्हेंबरमध्ये तो सहा महिन्यांच्या सॅमच्या तोंडात स्वतःच्या रक्ताचे थेंब सोडतो. त्याची आई मेरी मध्ये येते आणि जिवानिशी जाते. अशी त्याने बरीच मुलं तयार केली. दुसऱ्या सीझनच्या शेवटी त्यातल्या पाच जणांना तो कोल्ड ओक नावाच्या ओसाड गावात आणून टाकतो: सॅम, जेक, एव्हा, अँडी, लिली. त्याला एकच जिवंत हवाय. शेवटी जेक सॅमच्या पाठीत सुरा खुपसतो आणि सॅम मरतो. बेशुद्ध वगैरे नाही, मरतोच.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. त्याला फौजेला सेनापती हवा होता, सगळ्यात निर्दय कोण ते बघायचं होतं, म्हणून त्याने झुंज लावली. भयंकर आहे, पण कळतं.

मग चौथ्या सीझनचा शेवटचा एपिसोड येतो. १९७२ मध्ये एका कॉन्व्हेंटमध्ये हाच अझाझेल नन्सना मारून कैदेतल्या ल्यूसिफरशी, म्हणजे सैतानाशी, बोलतो, आणि ल्यूसिफर त्याला एका खास मुलाबद्दल सांगतो. पाचव्या सीझनमध्ये कळतं की सॅम हा ल्यूसिफरचा खरा देह आहे, म्हणजे ज्याच्या शरीरात ल्यूसिफर वावरू शकतो तो माणूस, आणि तेही रक्ताच्या नात्यामुळे, पिढ्यानपिढ्या ठरलेलं. सॅमचे वडील जॉन आणि मेरी एकत्र यावेत म्हणून स्वर्गातून क्युपिड पाठवला होता, इतकं पक्कं ठरलेलं.

म्हणजे सॅमच हवा होता. दुसरा कुणी चालणारच नव्हता. मग बाकीची मुलं कशासाठी? झुंज कशासाठी? आणि ज्या एका माणसावर सगळा डाव अवलंबून आहे तो कुणाच्या तरी सुऱ्याने मरतोय हे अझाझेल बघत कसा बसला?

जादूचे नियम ढिले असले तर मी सोडून देते. मिठाची रेघ एका भागात भुताला अडवते, दुसऱ्या भागात वाऱ्याने विस्कटते, चालतं. पण खलनायकाला काय हवंय हेच मागाहून बदललं की आधी जीव तोडून बघितलेले प्रसंग पोकळ होतात. मेरी कशासाठी गेली, जॉनने आयुष्यभर कशाचा पाठलाग केला, या सगळ्याचा अर्थ त्या एका उत्तरावर उभा आहे. म्हणून विचारतेय, आणि मनापासून उत्तर हवंय: हे कुणाला जुळवता आलंय का?

मध्यरात्र_१२

माझ्या मते जुळतं. अझाझेलला सॅम मेलेलाच हवा होता.

क्रम बघा. सॅम मेला म्हणून त्याला परत आणायला डीनने चौरस्त्यावर जाऊन डीमनला स्वतःचा आत्मा विकला. वर्षभराने डीन नरकात गेला. तिथे छळ सहन होईना तेव्हा त्याने दुसऱ्या आत्म्यांना छळायचं कबूल केलं, आणि सज्जन माणसाने नरकात रक्त सांडलं की ल्यूसिफरच्या कैदेवरची पहिली मोहोर, म्हणजे सील, तुटते. ६६ मोहोरा तुटल्या की ल्यूसिफर मोकळा. सॅमचा मृत्यू हा या सगळ्या साखळीचा पहिला दुवा आहे. आधी जॉनवरही हाच प्रयोग झाला होता, तो बधला नाही, म्हणून मग डीन.

रातकिडा

हे मीही धरून बसले होते, पण पुढच्याच एपिसोडमध्ये अझाझेल स्वतः ते मोडून टाकतो. दफनभूमीत डीनसमोर उभा राहून तो त्याचे आभार मानतो आणि म्हणतो की सॅम परत येईल हे आपण धरलं नव्हतं, पण बरं झालं, जेकपेक्षा तोच जास्त आवडायचा. या घडीला तो जिंकलेला आहे, नरकाचं दार उघडलंय, डीन हतबल आहे. खोटं बोलायचं त्याला कारण काय? उलट डाव त्याचा असता तर तो मिरवायची हीच तर वेळ होती. वर डीनला किती सुनावतो तो, जे परत आलंय ते शंभर टक्के सॅमच आहे याची खात्री आहे का म्हणून.

मध्यरात्र_१२

ते वाक्य विसरलो होतो. अडचण आहे खरी.

कोरा_कागद

कथेच्या आत उत्तर शोधण्याआधी तारखा बघा. दुसरा सीझन मे २००७ मध्ये संपला. कॅस्टिएल हा देवदूत पहिल्यांदा दिसतो सप्टेंबर २००८ मध्ये, चौथ्या सीझनच्या पहिल्या एपिसोडला. मध्ये लेखकांचा संप झाला आणि तिसरा सीझन १६ भागांतच गुंडाळावा लागला. अझाझेलची झुंज पडद्यावर आली तेव्हा मालिकेत अजून देवदूतच नव्हते. मोहोरा नव्हत्या, देहाची भानगड नव्हती. भुतं, डीमन आणि दोन भाऊ, एवढीच सृष्टी. पुढे ती मोठी झाली आणि जुन्या खलनायकाला नव्या गोष्टीत बसवावं लागलं.

मला यात लेखकांचा दोष फारसा वाटत नाही. दर सीझनला पुढचा मिळेल की नाही हे माहीत नसताना लिहायचं म्हणजे प्रत्येक शेवट खराखुरा शेवट म्हणून लिहावा लागतो. दुसऱ्या सीझनचा शेवट तसाच आहे: खुनी सापडला, कोल्ट बंदुकीने मेला, बापाचा आत्मा नरकातून सुटला. तो भाग शेवटचा ठरला असता तरी कुणी तक्रार केली नसती.

रातकिडा

हे पटतं, आणि लेखकांवर माझा राग नाहीच. पण हे अझाझेलचं उत्तर झालं नाही, त्याला लिहिणाऱ्यांचं झालं. मी मालिका बघते तेव्हा मला तो डीमन बघायचा असतो. संपाचं कारण मनात धरून मेरीचा मृत्यू बघता येत नाही.

वेताळाचा_प्रश्न

माझं उलट मत आहे, थोडं सविस्तर लिहितो.

हेतू मागाहून बदलला तर मला तितकं लागत नाही, कारण माणसंही सांगतात एक आणि मनात दुसरंच असतं. पण नियम मोडला की संपलं. हिरण्यकश्यपूची गोष्ट घ्या. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. सगळ्या अटी आधी सांगून टाकल्यात आणि नरसिंह त्यातली एकही न मोडता त्याला मारतो. ती गोष्ट इतकी वर्षं टिकली ती त्या उंबरठ्यामुळे. नरसिंहाने भरदुपारी अंगणात मारलं असतं तर कुणी पुन्हा सांगितली असती का?

आता 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'चा सातवा सीझन बघा. बफी ही स्लेयर, म्हणजे व्हॅम्पायर मारायची ताकद मिळालेली मुलगी. टुरोक-हान नावाचे आदिम व्हॅम्पायर येतात. पहिला येतो तेव्हा बफीला मरेस्तोवर मारतो. नेहमीचा खुंटा त्याच्या छातीत नीट शिरत नाही. त्याला संपवायला तिला जीव पणाला लावावा लागतो, आणि तेही पुढे स्लेयर होऊ शकणाऱ्या सगळ्या मुलींनी बघावं म्हणून. मग २००३ च्या शेवटच्या एपिसोडमध्ये असे हजारो येतात आणि पटापट धूळ होतात. बफीची मैत्रीण विलो, तिच्या मंत्राने सगळ्या मुलींना स्लेयरची ताकद मिळाली हे मान्य. पण बफीकडे तर ती ताकद आधीपासून होती, आणि तरी एकट्या टुरोक-हानने तिला चिरडलं होतं! आठवडाभर आधी ताकद मिळालेली मुलगी नव्हती ती, सात वर्षं लढत होती. सहा सीझन मी या मालिकेवर जीव टाकला आणि शेवटच्या लढाईत मला एकदाही भीती वाटली नाही. याहून मोठं नुकसान कुठलं?

रातकिडा

वेताळ, तुम्ही माझी सगळ्यात आवडती मालिका काढलीत, म्हणून मी भांडणार.

सातवा सीझन पोकळ वाटतो हे खरं. पण तो टुरोक-हानमुळे तसा वाटतो असं मला वाटत नाही. त्या सीझनची खलनायिका म्हणा, खलनायक म्हणा, 'द फर्स्ट', तिला कशालाही स्पर्श करता येत नाही. मेलेल्यांची रूपं घेऊन बोलायचं, बस. जग जिंकून ती करणार काय? तिला ते हातातही धरता येणार नाही. या पोकळीचा कुठे उपयोग केला असता, तिचा हेवा, तिची स्पर्शाची भूक सीझनभर दाखवली असती, तर ती त्या मालिकेतली सर्वांत भीतीदायक ठरली असती. एखाद-दुसऱ्या प्रसंगात ते डोकावतं आणि विरतं.

याच मालिकेचा दुसरा सीझन शेजारी ठेवा. एंजलस या व्हॅम्पायरला अकाथला नावाचा डीमन जागा करून सगळं जग नरकात ओढायचंय. आणि स्पाइक, जो स्वतः व्हॅम्पायर, दोन स्लेयर्सना मारलेला, तो बफीकडे येऊन म्हणतो की मी तुझ्या बाजूने. का? तर त्याला हे जग आवडतं. इथे फुटबॉलचा संघ आहे, इथे माणसं आहेत आणि माणसं म्हणजे चालतं-फिरतं जेवण. शिवाय त्याला त्याची प्रेयसी ड्रुसिला परत हवीय. जगाचा नाश करू पाहणाऱ्या शेकडो खलनायकांना जो प्रश्न कुणी विचारत नाही, की बाबा रे, तू राहणार कुठे, तो त्या मालिकेने १९९८ मध्ये एका खलनायकाच्याच तोंडून विचारून घेतला. त्या प्रसंगानंतर स्पाइक काहीही करो, मी त्याच्यावर विश्वास ठेवते, कारण त्याला काय हवंय हे मला माहीत आहे.

आणि नियमांचं म्हणाल तर पहिल्याच सीझनमध्ये बफी बुडते तेव्हा एंजल, म्हणजे पुढचा एंजलस, सांगतो की माझ्यात श्वास नाही, मी तिला तोंडाने श्वास देऊ शकत नाही. पुढे स्पाइक सीझन-सीझन सिगारेट ओढतो. हे तुम्हाला कधी खुपलं?

वेताळाचा_प्रश्न

सिगारेट नाही खुपली. कारण त्या सिगारेटवर कुणाचा जीव अवलंबून नव्हता. शेवटच्या लढाईवर सगळ्यांचा होता. माझं मत कायम आहे, पण 'द फर्स्ट'बद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, तो सीझन दोन्हीकडून गळका होता.

बेटावरचा

बेटावर अडकलेल्या विमानप्रवाशांची 'लॉस्ट' कुणीच कशी काढली नाही? मेलेल्यांची रूपं घेणारा काळ्या कपड्यांतला माणूस बेट सोडून जाऊ शकत नाही, सहा सीझनचा सगळा झगडा त्यावर. पण जॅकच्या वडिलांच्या, क्रिश्चनच्या रूपात तोच फिरत होता असं तो शेवटच्या सीझनमध्ये कबूल करतो. आणि क्रिश्चन तर चौथ्या सीझनमध्ये समुद्रात उभ्या असलेल्या जहाजावर मायकेलला दिसतो! तिथे कोण होतं मग?

तरी मला ते खटकूनही त्या माणसावर राग येत नाही. त्याला फक्त तिथून निघायचंय. एवढंच. रातकिडा म्हणतायत ते इथे लागू पडतं. निघाला तर जगाचं नेमकं काय होणार हे मात्र धड कधीच सांगितलं नाही, ते मला आजही हवंय.

दुवा_शोधक

मूळ प्रश्नाकडे येतो. मला वाटतं अझाझेलचं जुळतं, फक्त एक गोष्ट गृहीत धरावी लागते: त्याला माहीतच नव्हतं.

रक्ताचं नातं, क्युपिड, पिढ्यानपिढ्यांची आखणी, ही सगळी स्वर्गाची माहिती आहे. ती आपल्याला देवदूतांच्या बाजूने कळते. अझाझेलला कॉन्व्हेंटमध्ये मिळाली ती एवढीच खबर, की एक खास मूल आहे. कोणतं, हे नाही. मग त्याने काय केलं? १९७३ मध्ये तो माणसं हेरत फिरतो, सौदे करतो, दहा वर्षांनी तुमच्या घरी येईन म्हणतो. मेरीशी सौदा जॉनचा जीव परत देण्याचा, बदल्यात फक्त परवानगी. अशी अनेक घरं. अनेक मुलांना रक्त पाजलं, कारण त्यातलं नेमकं कोणतं ते ठाऊक नव्हतं. कोल्ड ओक ही निवड होती. जो उरेल तोच तो खास, अशी त्याची श्रद्धा. जेक उरला, म्हणजे जेकच असणार.

आता तुमचं ते वाक्य परत वाचा. सॅम परत येईल हे धरलं नव्हतं, पण तोच जास्त आवडायचा. ज्याला खरं ठाऊक नाही पण मन एकाकडे ओढ घेतंय, त्याचं ते वाक्य आहे. आणि काही मिनिटांतच डीन त्याला गोळी घालतो. जेकही तोवर मेलेला. म्हणजे ज्याच्यासाठी त्याने इतकी घरं जाळली तो मुलगा कोण, हे न कळताच अझाझेल गेला.

दार उघडण्याचं कामही यात बसतं. नरकाच्या दाराभोवती रेल्वेच्या लोखंडी रुळांनी आखलेला तो पाच टोकांचा तारा डीमनला ओलांडता येत नाही, म्हणून जेकसारखा माणूस हवा. आणि त्या दारातून लिलिथ ही डीमन बाहेर आली, जिच्याशिवाय शेवटची मोहोर तुटत नाही.

मध्यरात्र_१२

आणि सॅम मेला असता तर स्वर्गाचं काय झालं असतं?

दुवा_शोधक

त्यांनी उठवला असता. डीनला नरकातून ओढून आणलंच ना त्यांनी. सॅमच्या बाबतीत डीनने त्यांचं काम स्वतःच केलं.

रातकिडा

हे आवडलं. खूप आवडलं. असं वाचलं तर मेरीचा मृत्यू पोकळ होत नाही, उलट जास्त भयानक होतो: ती अशा एकाच्या वाटेत आली ज्याला आपण योग्य घरात आलोय की नाही हेही माहीत नव्हतं.

एकच गोष्ट तपासायची आहे. कॉन्व्हेंटच्या प्रसंगात ल्यूसिफर कुठे नाव तर घेत नाही ना? तुम्ही म्हणता ते सगळं त्याच्यावर उभं आहे.

दुवा_शोधक

नाव घेत नाही. आणि तिथे पोहोचायच्या आधी चौथ्याच सीझनमध्ये लिलिथ सॅमला एक सौदा देऊ करते तो भाग नीट बघा. तुम्ही दोघं भाऊ मरायला तयार व्हा, मी मोहोरा तोडणं थांबवते. शेवटची मोहोर ती स्वतः आहे हे आपल्याला तेव्हा माहीत नसतं. या युद्धात आपण वाचणार नाही हे तिला कळलंय आणि तिला मरायचं नाहीये. ल्यूसिफरने सगळ्यात आधी घडवलेली डीमन, आणि त्याचं सगळं कार्य मोडायला तयार होते. शेवटच्या भागात मात्र हसत मरते. मध्ये तिचं काय झालं याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्याकडे निघालं तर इथेच लिहा.